‘प्रिन्सिपल’ नेमकं कोणतं? स्पेलचेकवर विसंबू नका

इंजिनीअरिंगच्या जर्नलमध्ये मी कित्येक दिवस ‘वर्किंग प्रिन्सिपल’च्या शेवटी ‘एएल’ लिहीत होतो. म्हणजे यंत्राच्या कार्यतत्त्वाऐवजी चक्क प्राचार्य! स्पेलचेकने लाल रेघ दाखवली नाही, कारण दोन्ही शब्द डिक्शनरीत आहेत.

लक्षात ठेवा:

- प्रिन्सिपल: शेवटी ‘एएल’ म्हणजे प्राचार्य किंवा कर्जाचं मुद्दल, ‘एलई’ म्हणजे तत्त्व.
- स्टेशनरी: शेवटी ‘एआरवाय’ म्हणजे थांबलेलं, ‘ईआरवाय’ म्हणजे वही-पेन.
- ब्रेक: शेवटी ‘एकेई’ म्हणजे गाडीचा, ‘ईएके’ म्हणजे विश्रांतीचा.

उच्चार सारखाच, त्यामुळे इथे कान कामाला येत नाही. ‘शिक्षक दिन’चं ‘शिक्षक दीन’ झालं की आपण हसतो ना? नोकरीचा इंग्रजी अर्ज वाचणाराही तसाच हसतो. म्हणून अर्ज पाठवण्याआधी लाल रेघ नाही, अर्थ तपासा.