लपवलेला रकाना फाइलमध्येच असतो

सिंदी मेघेत मी संगणकावर याद्या करून देते. वर्धा शहराला लागून आमच्याकडे लेआउटला लेआउट भिडले आहेत आणि प्रत्येकाची काही ना काही यादी असतेच. बचत गटांच्या, मंडळांच्या वेगळ्या. नाव, प्लॉट नंबर, मोबाइल, आधार, बँक खाते. यादी व्हॉट्सॲपवर टाकायची वेळ आली की हमखास सांगणे येते, "ताई, आधारचा कॉलम तेवढा काढून टाका."

काढायचा म्हणून बहुतेक जण राइट क्लिक करून 'हाइड' करतात. रकाना पडद्यावरून जातो, फाइलमधून जात नाही. बी नंतर एकदम ई दिसले की मधले दोन दडवलेत हे कुणालाही कळते. बाजूचे रकाने निवडून 'अनहाइड' केले की साऱ्या गटाचे आधार क्रमांक समोर येतात. नाव, मोबाइल आणि खाते क्रमांक एकत्र सापडले तर फसवणुकीचा फोन करणाऱ्याचे अर्धे काम आपणच करून दिलेले असते. आणि तो फोन गटातल्या एखाद्या मावशीला जातो.

मोठ्या कंपन्याही यातून सुटल्या नाहीत. 2016 मध्ये बोइंगच्या एका कर्मचाऱ्याने फाइलच्या मांडणीत मदत हवी म्हणून ती आपल्या जोडीदाराला पाठवली. तिच्यातल्या लपवलेल्या रकान्यांत सुमारे 36,000 सहकाऱ्यांच्या जन्मतारखा आणि सामाजिक सुरक्षा क्रमांक होते.

लोक 'डिलीट' का करत नाहीत, तेही समजते. त्या रकान्यावर एखादे सूत्र टेकलेले असेल, तर तो काढताच बेरजेच्या जागी एरर येते. म्हणून मूळ फाइलला हात लावायचाच नाही. कंट्रोल दाबून लागतील तेवढेच रकाने एकेक निवडायचे, नव्या फाइलमध्ये 'पेस्ट व्हॅल्यूज' करायचे आणि तीच फाइल पाठवायची. सलग ओढून निवडले तर मधले लपवलेलेही सोबत येतात, हे विसरू नका. नुसती वाचायला द्यायची असेल तर पीडीएफ करा. लपवलेला रकाना त्यात उतरत नाही.

एक्सेलमध्ये लपवलेले शोधून देणारी तपासणीची सोय आहे, पण ती फाइल मेन्यूच्या आत, कुणी जात नाही अशा जागी. फाइल पाठवताना प्रोग्रामनेच विचारायला हवे, तेही मराठीत: यात लपवलेले रकाने आहेत, पाठवायचे का?

माझी खरी तक्रार मात्र त्याच्याही आधीची आहे. गणपतीच्या वर्गणीच्या यादीत आधार क्रमांक लागतोच कशाला? 2023 चा डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायदाही गरजेपुरतीच माहिती घ्या म्हणतो. लेआउटच्या, गटाच्या, मंडळाच्या सचिवांना माझे सांगणे आहे: कोरी यादी आखतानाच तो रकाना गाळा.