पुस्तक कोणाच्या हाती?



घराघरांत सगळ्यांनी मिळून वाचावं, असं कोणी म्हटलं की आपल्या माना डोलतात. माझीही डोलते. कारण पुस्तकांची गोडी मला शाळेत नव्हे, घरीच लागली. ब्रह्मपुरीकडच्या आमच्या गावात रात्रीची जेवणं झाली की बाबा कंदिलाच्या उजेडात 'श्यामची आई' वाचायचे. साने गुरुजींनी १९३३ साली नाशिकच्या तुरुंगात लिहिलेलं हे पुस्तक. त्यात प्रकरणं नाहीत, रात्री आहेत, एकूण ४२. आम्ही भावंडं रोज एक रात्र ऐकायचो आणि डोळे पुसत झोपायचो.

आणि आमची आई? ती मागच्या दारात भांडी घासत असायची. मधूनच तिचा आवाज यायचा, "मंग काय झालं?" बाबा म्हणायचे, "तू आटप, मग सांगतो." ते 'मग' क्वचितच यायचं. आईच्या थोरवीचं पुस्तक आम्ही अख्खं ऐकलं, आमच्या आईच्या वाट्याला त्याचे तुकडे आले. यात काही खटकण्यासारखं आहे, हे कळायला मला चळवळीत यावं लागलं.

घर बाईला वाचायला शिकवतं तसं अडवतंही. 'आमच्या आयुष्यातील काही आठवणी' हे रमाबाई रानड्यांचं पुस्तक १९१० सालचं. पतीने त्यांना शिकवायला घेतलं, तर घरातल्याच बायकांनी टोमण्यांनी हैराण केलं. त्या बायकांना नावं ठेवणं सोपं आहे. पण ज्यांच्या हाती कोणी कधी पुस्तक दिलंच नाही, त्यांना एकीच्याच हातातलं पुस्तक आपलं कसं वाटावं?

'बायांना वाचनाची आवडच नाही' असं म्हणणाऱ्यांनी पावसाळ्यात आमच्याकडे यावं. १६ ऑक्टोबर १९५६ रोजी बाबासाहेबांनी चंद्रपुरात धम्मदीक्षा दिली. इथल्या विहारांत वर्षावासाचे तीन महिने, आषाढी पौर्णिमेपासून आश्विन पौर्णिमेपर्यंत, 'भगवान बुद्ध आणि त्यांचा धम्म' या ग्रंथाचं वाचन होतं. त्यातच रोवणीचे दिवस येतात. दिवसभर बांधीतल्या चिखलात वाकलेल्या बाया हातपाय धुऊन संध्याकाळी विहारात येतात, लेकरंही सोबत असतात. कुठे कुठे वाचणारीही बाईच असते. ती अडखळली तर शेजारची शब्द सांगते. तिथे बाईची बसायची जागा ठरलेली असते, वेळ ठरलेली असते आणि तेवढा वेळ तिच्याकडे कोणी चहा मागत नाही. घरात नेमकं हेच तिला मिळत नाही.

दुसरा प्रश्न, पुस्तक कोणतं? पुढे मी आईला डॉ. राणी बंग यांचं 'गोईण' वाचून दाखवलं. गोईण म्हणजे मैत्रीण. गडचिरोलीच्या बायांनी झाडांविषयी जे सांगितलं, ते या पुस्तकात आहे. मोहाचं वाचायला घेतलं तशी आई हातातलं काम टाकून जवळ येऊन बसली. मोहफुलं वेचण्यात तिचा जन्म गेलेला. मोहाच्या बियांचं तेल आमच्याकडे कसं काढायचे, हे ती मलाच सांगू लागली. त्या दिवशी पुस्तक अर्ध्यावर राहिलं, पण आमच्या घरातलं ते पहिलं खरं एकत्र वाचन.

ज्या घरात आई गोंडी किंवा माडिया बोलते आणि लेकराचं पुस्तक मराठीत असतं, तिथे तर हे जास्तच गरजेचं. लेकराने वाचावं, आईने तीच गोष्ट आपल्या बोलीत सांगावी. म्हणजे आईला पुस्तक मिळेल आणि लेकराची बोलीही राहील.

म्हणून माझं म्हणणं एवढंच, की वाचन सुरू करण्याआधी भांडी सगळ्यांनी मिळून घासावीत. वाचण्याची पाळी लावावी, त्यात आईचीही पाळी असावी. तिला अक्षर येत नसेल तर तिने सांगावं, बाकीच्यांनी ऐकावं. नाहीतर घरातल्या वाचनाचा आनंद म्हणजे एकीच्या कष्टावर बाकीच्यांनी केलेली चैन.

तुमच्या घरी कोणतं पुस्तक वाचलं जायचं? वाचायचं कोण? आणि तेव्हा तुमची आई कुठे असायची? जरूर लिहा. लिहिता येत नसेल तर लेकीला सांगून लिहवून घ्या. आम्ही वाट पाहतो आहोत.