फोटोतला 'प्रायव्हेट बीच' नेमका कुणाचा?

होमस्टेवाल्यांनी चांगले फोटो काढून घेऊ नयेत, असं मी म्हणत नाहीये. हे आधीच सांगतो, नाहीतर दोन ओळी वाचून 'पत्रकारांना पर्यटनच नको' म्हणत सुटणारे आपल्याकडे कमी नाहीत.

फोटोशिवाय आज खोली जात नाही, हे खरंच आहे. 2009 साली न्यूयॉर्कमध्ये बुकिंग वाढेना, तेव्हा एअरबीएनबीचे ब्रायन चेस्की आणि जो गेबिया भाड्याचा कॅमेरा घेऊन स्वतः घरोघर फिरले. लोकांनी मोबाइलवर काढलेले अंधारे फोटो काढून टाकले, नीट उजेडातले टाकले, आणि धंदा वाढला. पुढच्या वर्षी कंपनीने व्यावसायिक फोटोग्राफर पाठवण्याची योजनाच सुरू केली. म्हणजे घर होतं तेच, फक्त नीट दिसायला लागलं. इथपर्यंत कुणाचं काही म्हणणं नाही.

आपल्याकडे तारकर्ली-देवबाग पट्ट्यात गेली काही वर्षं जे चाललंय ते वेगळं आहे. मुंबई-पुण्याहून पॅकेज घेऊन माणसं येतात. सोबत पांढऱ्या चादरी, दोन उशा, एक बांबूची टोपली आणि ड्रोन. दहा बाय दहाच्या खोलीच्या कोपऱ्याला पाठ लावून वाइड लेन्सने फोटो काढला की खोलीचा हॉल होतो. आभाळ ढगाळ असेल तर कॉम्प्युटरवर दुसरं आभाळ बसवतात. आमच्या ओळखीच्या एका काकींकडे आलेल्या पाहुण्यांनी बॅगा दारातच ठेवून विचारलं, फोटोतली खोली कुठली? काकी म्हणाल्या, "खोली हीच आसा ओ, फोटो तेवढो मोठो इलो." हसण्यावारी गेलं खरं, पण त्या घरातल्या बांगड्याच्या तिखल्याला आणि घावन्यांना पाच स्टार देणारा पाहुणाही खोलीसाठी दोन स्टार कापून गेला. त्याचं तरी काय चुकलं?

फोटो काढतात सप्टेंबर-ऑक्टोबरात. पाऊस नुकता सरलेला, डोंगर हिरवेगार, विहिरी काठोकाठ. पाहुणा येतो मे महिन्यात. तेव्हा सड्यावरचं गवत जळून कातळ उघडा पडलेला असतो, आणि कुणाकुणाच्या विहिरीचं पाणी मचूळ झालेलं असतं. ते फोटोत कुठे आहे? देवबागात किनारा खाल्ला जाऊ नये म्हणून टाकलेला दगडांचा बंधारा फोटोत कुठे आहे? एका बाजूला कर्ली नदी, दुसऱ्या बाजूला समुद्र, मध्ये माडांची चिंचोळी पट्टी, असा ड्रोनचा फोटो सगळ्यांना आवडतो. मलाही आवडतो. पण त्या चिंचोळ्या पट्टीवर राहणाऱ्यांना समुद्राचं भय किती आहे, ते शंभर मीटर वरून दिसत नाही.

बरं, एवढ्यावरही मी लिहिलं नसतं. थोडं सजवणं धंद्यात चालतं. लिहायला बसलो ते 'प्रायव्हेट बीच' या दोन शब्दांसाठी.

फोटो असा काढायचा की पुळणीवर एकही होडी नाही, जाळं नाही, सुकत घातलेली मासळी नाही, माणूस नाही. पहाटे रापणवाले यायच्या आधी किंवा ते गेल्यावर. खाली लिहायचं 'प्रायव्हेट बीच'. मग तो फोटो पाहून आलेला पाहुणा सकाळी पुळणीवर उतरतो आणि बघतो तर वीस-पंचवीस माणसं दोर ओढतायत, घमेल्यात मासळी पडतेय, कावळे-कुत्रे जमलेत. तो मालकाला विचारतो, ही माणसं इथे कशी? आणि मालक, म्हणजे आपलाच माणूस, रापणकरांना जाऊन सांगतो, "जरा पलीकडे ओढा, गेस्ट आहेत."

हे मी ऐकलेलं आहे. ज्यांच्या आज्यापणज्यांनी त्याच जागेवर रापण लावली, त्यांना पलीकडे व्हायला सांगायचं! उद्या पलीकडच्या होमस्टेचाही फोटो निघेल. मग कुठे जायचं त्यांनी?

कायद्याचं बोलू. महाराष्ट्र जमीन महसूल संहिता 1966 चं कलम 20 वाचा. भरतीच्या रेषेखालची समुद्राची जमीन सरकारची आहे. सातबारा कितीही मोठा असला तरी तो लाटेपर्यंत जात नाही. जे आपलं नाही ते आपलं म्हणून विकणं ही दिशाभूल करणारी जाहिरात झाली, आणि 2019 च्या ग्राहक संरक्षण कायद्यात अशा जाहिरातीला 10 लाखांपर्यंत दंड आहे, पुन्हा केल्यास 50 लाखांपर्यंत. आता गंमत बघा. फोटोग्राफर पैसे घेऊन गेला. पोर्टल म्हणणार, मजकूर मालकाचा. पॅकेजवाला एजंट फोन उचलणार नाही. पर्यटन विभागाच्या निवास व न्याहारीच्या नोंदणीवर नाव कुणाचं? काकींचं. सीझनची पहिली चार बुकिंग फोटोचा खर्च भरून काढण्यात घालवायची, वर नोटीसही तिनेच घ्यायची.

1997 ला सिंधुदुर्ग पर्यटन जिल्हा जाहीर झाला, तेव्हा सांगितलं गेलं की गावातल्या माणसाला गावातच रोजगार मिळेल. आता जाहिरातीच्या फोटोतून तोच गाववाला पुसून टाकायचा, ही कुठली तऱ्हा?

आणि धंद्याच्याच हिशोबाने बघायचं तर रापण हीच आपल्याकडची जमेची बाजू आहे. पोहण्याचा तलाव लोणावळ्यातही मिळतो. दोर ओढायला हात लावू देणारे रापणकर आणि त्यातलीच ताजी मासळी दुपारच्या ताटात, हे तिथे मिळत नाही. त्याचे फोटो काढा ना, चांगल्या कॅमेऱ्याने काढा. रापणकरांना विचारून काढा, त्यांना चार पैसे द्या. खोलीचा फोटो दारातून उभं राहून जसा दिसतो तसा काढा, खाली लांबी-रुंदी लिहा. एक फोटो मे महिन्यातला ठेवा. आपल्याच गावात, आपल्याच तालुक्यात कॅमेरे घेऊन लग्नं करणारी हुशार पोरं आहेत, त्यांना हे काम द्या. त्यांना निदान पुळण कुणाची ते माहीत आहे.

एजंट मंडळींना एवढंच सांगतो. दिवाळीची बुकिंग सुरू व्हायच्या आत 'प्रायव्हेट बीच' हे शब्द जाहिरातींतून काढा. स्क्रीनशॉट तारखेसकट माझ्याकडे आहेत. दिवाळीनंतरही ते शब्द दिसले, तर शेजारी त्या त्या जागेचा सातबारा लावून इथेच टाकणार आहे.