थरथर कधी येते, ते आधी लिहून काढा



या ग्रुपवर आपण जुन्या घरांबद्दल, जुन्या शाळांबद्दल पुष्कळ लिहितो. आज जुन्या गाडीबद्दल लिहितो. आपल्यातल्या बऱ्याच जणांच्या दारात पंधरा-वीस वर्षांची एक गाडी उभी असते, मुलं पुण्या-बेंगळूरला नाहीतर परदेशात असतात, आणि फोनवर दर आठवड्याला तोच विषय निघतो: "बाबा, विकून टाका आता ती." यात गाडीला अधूनमधून थरथर सुरू झाली की मुलांच्या हाती आयतं कोलीतच मिळतं.

माझं मत सरळ आहे. येते-जाते अशी थरथर असेल, तर ती कधी येते हे लिहून काढल्याशिवाय एकही पार्ट बदलू देऊ नये. आणि नुसत्या थरथरीवरून गाडी विकायचं तर मुळीच ठरवू नये.

याला अपवाद आहेत, ते आधीच सांगतो. चाकाचे नट सैल असणं, टायरच्या बाजूला किंवा पट्टीवर फुगवटा येणं, ब्रेक दाबताना गाडी एका बाजूला ओढणं, किंवा एखाद्या दिवसात थरथर एकदम वाढणं. असं काही दिसलं तर वही-बिही नको, गाडी जागेवर उभी करा आणि मेस्त्रीला घरी बोलवा. टायरवर चार आकडे कोरलेले असतात तेही वाचा. १४१९ असेल तर २०१९ सालच्या चौदाव्या आठवड्यातला टायर. आपल्या वयाच्या माणसांची गाडी फिरते कमी, म्हणून नक्षी नव्यासारखी दिसते, पण रबर आतून म्हातारं झालेलं असतं.

आता आमच्या गाडीचं सांगतो. २००७ सालची वॅगनआर, केए-२२ पासिंग. पंधरा वर्षं झाल्यावर २०२२ मध्ये रजिस्ट्रेशन रिन्यू केलं. फी त्याच वर्षी एप्रिलपासून ६०० ची ५,००० झाली होती, ती मुकाट्याने भरली. तेव्हा गाडी सोडायचा विचार नव्हताच. कोल्हापूरला सौ.च्या डोळ्यांच्या डॉक्टरांकडे जायचं तर एसटी बदलत जाणं आता तिच्याच्यानं होत नाही.

गेल्या पावसाळ्यात हायवेला ७५ च्या पुढे काटा गेला की सीट थरथरायची. कधी निपाणीपर्यंत थरथरायची, कधी पूर्ण प्रवासात काहीच नाही. गॅरेजमध्ये नेली (नाव सांगत नाही, माणसं वाईट नाहीत). पहिल्यांदा पुढच्या चाकांचं बॅलन्सिंग आणि अलाइनमेंट झालं. बरं वाटलं. तीन आठवड्यांनी परत तेच. मग लोअर आर्म बदलला. परत बरं, परत तेच. मग इंजिनचं माउंटिंग. स्कॅनरही लावून झाला, त्यात काही निघालं नाही, आणि निघणारही नव्हतं. तो इंजिनाचं बोलतो, चाकाचं त्याला काय कळणार? चौथ्या खेपेला ड्राइव्ह शाफ्टची गोष्ट निघाली. "सर, गाडीचं वय झालंय बघा, आता असंच असतंय. बदलूया की."

मंडळी, मी छत्तीस वर्षं बँकेत काढली. ताळा लागला नाही तर आम्ही सगळी लेजरं नव्याने लिहायला घेत नसू. आधी फरकाचा आकडा बघत असू. नऊने भाग गेला तर कुणीतरी ५४ चे ४५ लिहिलेत. नेमका दोनाने भाग गेला तर त्याच्या निम्मी रक्कम नावेऐवजी जमेला पडलीय का ते शोधायचं. फरक स्वतःच सांगतो की कुठे बघा. गाडीची थरथरही सांगते, पण तिला विचारणारा हवा.

म्हणून वही केली. तारीख, वेग, गिअर, थरथर स्टिअरिंगला की सीटला, ब्रेक दाबल्यावर की नुसतीच, पाऊस होता का, एसी चालू होता का, आदल्या दिवशी गाडी कुठे गेली होती.

यातला प्रत्येक रकाना काहीतरी वगळतो, हे महत्त्वाचं. स्टिअरिंग हलतं तर बहुधा पुढची चाकं, सीट हलते तर मागची. ब्रेक दाबल्यावरच येत असेल तर डिस्क बघा. उभ्या गाडीत, एसी लावल्यावर जास्त जाणवत असेल तर माउंटिंग. अ‍ॅक्सिलरेटर दाबताना येते आणि सोडल्यावर जाते, तर ड्राइव्ह शाफ्टचा आतला जॉइंट. महिनाभर गाडी उभी होती आणि पहिल्या काही किलोमीटरनंतर थरथर गेली, तर टायर एका जागी दबून चपटा झाला होता, एवढंच. आणि एक सोपी परीक्षा: सरळ, मोकळ्या रस्त्यावर त्याच वेगाला क्षणभर क्लच दाबायचा. (चावी बंद करायची नाही!) तरीही थरथर तशीच राहिली तर इंजिनाचा संबंध नाही, चाकं-टायर बघा.

आमची तशीच राहिली, तीही सीटला. म्हणजे माउंटिंगचा आणि पुढच्या लोअर आर्मचा खर्च दोन ओळींतच फुकट ठरला.

पण येते-जाते का? ते शेवटच्या रकान्याने सांगितलं. अकरा नोंदी होत्या, त्यातल्या थरथरीच्या सातही नोंदींच्या आधी गाडी जांबोटीच्या बाजूला सौ.च्या माहेरी जाऊन आलेली. तिकडची लाल माती पावसात कशी असते हे खानापूर तालुक्यातल्यांना सांगायला नको. मागच्या रिमच्या आतल्या बाजूला चिखलाची थापी बसायची आणि वाळून घट्ट व्हायची. ताशी ८० ला छोट्या गाडीचं चाक सेकंदाला बारा-तेरा फेरे घेतं. रिमच्या कडेला ५० ग्रॅम चिखल एकाच जागी असला, तर त्या वेगाला चाकाला दर फेऱ्यात साधारण पाच किलोचा हिसका बसतो. वेग निम्मा केला की हिसका पावपटीवर येतो, म्हणून गावात काही जाणवायचं नाही.

आणि गॅरेजवाले काय करायचे? काम झालं की गाडी स्वच्छ धुऊन द्यायचे. चिखल पाण्याबरोबर जायचा आणि श्रेय लोअर आर्मला मिळायचं.

मेस्त्रीवर माझा राग नाही. त्याला दिवसाला दहा गाड्या बघायच्या असतात, आणि आपण जाऊन "गाडी व्हायब्रेट होतीय" एवढंच सांगतो. तो अंदाज करणार नाहीतर काय? पण अंदाजाचं बिल आपण भरतो, तेव्हा माहिती देण्याचं कामही आपलंच. एक सवय मात्र सगळ्यांनी लावून घ्यावी: बदललेला जुना पार्ट मागून घ्यावा. व्हाउचरशिवाय आम्ही कधी पैसे दिले नाहीत. माझ्याकडचं जुनं माउंटिंग उद्यमबागेतल्या एका ओळखीच्या कारखानदाराने हातात घेऊन बघितलं. रबर कुठेही चिरलेलं नव्हतं.

गॅरेज तेच आहे, बदललेलं नाही. फक्त आता गाडी सोडताना वहीतलं पान फाडून मेस्त्रीच्या हातात देतो आणि सांगतो, बघून होईपर्यंत धुवायची नाही.