आकसलेला दाणा आणि सरकारी चाळण

गव्हाची प्रत ठरविणे हे वरकरणी साध्या मोजमापाचे काम आहे. ढिगातून मूठभर नमुना घ्यावा, चाळावा, तोलावा आणि टक्केवारी लिहावी. परंतु पंजाब-हरियाणातील मंडीत शेतकऱ्याच्या पदरात हमीभाव पडणार की नाही, हे या मुठीवरच ठरते.

सरकारी खरेदीच्या ‘एफएक्यू’ निकषानुसार गव्हात आकसलेल्या व फुटक्या दाण्यांचे प्रमाण ६ टक्क्यांहून अधिक असता कामा नये. २०२२ च्या मार्चमध्ये उष्णतेची लाट आली, ती नेमकी दाणा भरण्याच्या वेळी. दाणा मुदतीपूर्वीच पिकला, आत पिष्ट पुरेसे साठले नाही आणि तो सुरकुतला. यात शेतकऱ्याचा हलगर्जीपणा कोठे होता? केंद्र सरकारनेही तसे मानले नाही. मर्यादा १८ टक्क्यांवर नेली आणि भावात कपातही केली नाही. मात्र हा निर्णय झाला मेच्या मध्यास. खरेदी सुरू झाली होती एप्रिलच्या आरंभी. तोवर लहान शेतकऱ्याचे खळे केव्हाच रिकामे झालेले असते. अडत्याची उचल आणि कापणी-मळणीचे भाडे डोक्यावर असताना तो दिल्लीच्या आदेशाची वाट पाहत बसणार कसा?

पुढच्या वर्षी अवकाळी पावसाने ओंब्या भिजल्या आणि दाण्याची चकाकी गेली. एप्रिल २०२३ च्या दुसऱ्या आठवड्यात पंजाब-हरियाणासाठी पुन्हा १८ टक्क्यांची सवलत आली. चकाकी गेलेला गहूही ८० टक्क्यांपर्यंत चालेल, असे ठरले. यावेळी मात्र कपात लागली. आकसलेल्या दाण्यांसाठी ६ टक्क्यांपुढील प्रत्येक दोन टक्क्यांच्या टप्प्याला क्विंटलमागे ५.३१ रुपये, म्हणजे २,१२५ रुपये हमीभावाचा पाव टक्का. चकाकी १० टक्क्यांहून अधिक दाण्यांची गेली असल्यास आणखी ५.३१ रुपये. दोन्ही मिळून कमाल कपात ३७.१८ रुपये, शंभर क्विंटल विकणाऱ्याचे ३,७१८ रुपये गेले. रक्कम फार मोठी नाही, असे शहरी वाचकास वाटेल. परंतु आकसलेला दाणा वजनालाही हलका असतो. उत्पन्नातील तूट शेतकऱ्याने आधीच सोसलेली असते. भावातील कपात ही त्याच नुकसानीवरची दुसरी आकारणी होय. ही कपात आपण सोसू, असे पंजाब व हरियाणा सरकारांनी जाहीर केले, हे खरे. पण त्यामुळे मूळ तत्त्वाचा उलगडा होत नाही. निसर्गाच्या अवकृपेचा भार एका वर्षी केंद्राने घ्यावा आणि दुसऱ्या वर्षी शेतकऱ्याने किंवा राज्याने, हे कोणत्या नियमाने?

निकषच नकोत, असे मात्र कोणी म्हणू नये. आकसलेल्या दाण्यात कोंडा अधिक, पीठ कमी. शिधावाटप दुकानातील रांगेत उभ्या असलेल्या माणसाचाही चांगल्या गव्हावर हक्क आहे. टप्प्याटप्प्याची कपात तर सरसकट नकारापेक्षा केव्हाही बरी, कारण नाकारलेला गहू व्यापारी मागेल त्या भावाने उचलतो. आक्षेप आहे तो आयत्या वेळच्या औदार्याला. रब्बीचा हमीभाव बहुधा पेरणीच्या सुमारास जाहीर होतो. कोणत्या दोषाला किती कपात आणि नैसर्गिक आपत्तीत ती कोणी सोसायची, याचे कोष्टक त्याच दिवशी हमीभावासोबत प्रसिद्ध करण्यास सरकारला कोणती अडचण आहे?