डिस्चार्ज कार्डावर काय लिहिता?

या महिन्यातल्या वाचकपत्रांचा विषय जवळपास एकच आहे : कॅशलेस नामंजूर. रुग्ण डीटीमध्ये, बायको बिलिंग काउंटरवर, आणि टीपीएचे उत्तर ठरलेले. एक्सक्लूजन कोड १२, दारूचे व्यसन व त्याचे परिणाम.

मानसिक आरोग्यसेवा अधिनियम २०१७ च्या व्याख्येतच दारूच्या गैरवापराशी निगडित मानसिक अवस्था येतात. कलम २१(४) म्हणते, मानसिक आजाराला शारीरिक आजाराच्याच धर्तीवर विमा द्या. कायदा मे २०१८ मध्ये लागू झाला. पुढच्याच वर्षी विमा नियामकाने अपवादांची प्रमाणित यादी काढली आणि तीत व्यसनोपचार बसवले! संसदेने दिले ते यादीने काढून घेतले, आणि यात विसंगती आहे असे एकाही साहेबाला वाटत नाही.

मूळ समजूत अशी, की हे दुखणे हौसेने घेतलेले. पहिला पेला हौसेचा असेलही. पण वर्षानुवर्षे दारू चालू राहिली की गाबा-ए रिसेप्टरांचा प्रतिसाद मंदावतो, एनएमडीए वाढतात, आणि दारू थांबताच ग्लुटामेटला आवर राहत नाही. पहिल्या दोन दिवसांत फिट, तिसऱ्या-चौथ्या दिवशी डिलिरियम. यात हौस कुठली? मधुमेही जिलेबी खातो म्हणून त्याच्या कीटोअॅसिडोसिसचा क्लेम कोणी फेटाळत नाही.

पण कंपन्यांना झोडपून आपण सुटत नाही. क्लेम पास व्हावा म्हणून कार्डावर ‘अक्यूट गॅस्ट्रायटिस’ किंवा ‘सीझर डिसऑर्डर’ लिहिणारे आपल्यातच आहेत. हेतू दयेचा असतो, ठाऊक आहे. परिणाम पाहा. पुढच्या खेपेला तोच माणूस मांडीचे हाड मोडून दुसरीकडे भरती होतो. जुन्या कागदावर दारूचा उल्लेख नाही, म्हणून थायमिनशिवाय डेक्स्ट्रोज चढते. तिसऱ्या रात्री तो सलाइन उपसून पळू लागतो, फिट येते, आणि विड्रॉवलच्या फिटवर ज्याचा उपयोग नाही ते फेनिटॉइन सुरू होते. त्यातून किंडलिंग आहेच : अर्धवट हाताळलेला प्रत्येक विड्रॉवल पुढच्याची तीव्रता वाढवतो. पाच दिवसांचे नीट डिटॉक्स नाकारणारी कंपनी उद्या आयसीयूचे बिल टाळण्यासाठी पुन्हा तोच कोड दाखवणार, आणि खोटे कार्ड लिहिणाऱ्याला तोंड उघडायला जागा उरणार नाही.

तेव्हा एफ१०.३ असेल तर एफ१०.३ लिहा, डिलिरियम असेल तर एफ१०.४. क्लेम फेटाळला तर कारण लेखी मागा, कलम २१(४) चा हवाला देऊन कंपनीच्या तक्रार कक्षाकडे जा, तिथे दाद न लागल्यास विमा लोकपालाकडे. नातेवाइकांना हा अर्ज लिहिता येत नाही; तो आपण बसून लिहून द्यायचा. आणि नकाराच्या पत्राची एक प्रत, रुग्णाचे नाव खोडून, या कार्यालयाकडे महिनाअखेरपर्यंत पाठवा. नियामकापुढे गठ्ठा ठेवायचा आहे, आणि तोंडी तक्रारींचा गठ्ठा होत नाही.