न सापडलेल्याचाही हिशेब द्या

एक हिग्ज कण सापडला, त्याला तप उलटून गेलं. उरलेले चार कुठे आहेत? आणि चार सापडत नाहीत म्हटल्यावर मागणी सहावर कशी गेली?

प्रश्न खोडसाळ वाटेल, पण हिशेब साधा आहे. मूलकणांच्या प्रचलित सिद्धांतात, म्हणजे स्टँडर्ड मॉडेलमध्ये, हिग्ज क्षेत्राचे चार घटक. त्यातले तीन डब्ल्यू आणि झेड कणांना वस्तुमान देण्यात खर्ची पडतात, एक उरतो. तोच ४ जुलै २०१२ रोजी सर्न या युरोपीय प्रयोगशाळेने जाहीर केला. वस्तुमान सुमारे १२५ जीईव्ही (कणांच्या वस्तुमानाचं एकक). सुपरसिमेट्री म्हणजे प्रत्येक कणाला एक जोडीदार मानणारा सिद्धांत; तिचं एका क्षेत्रावर भागत नाही. अप आणि डाउन जातीच्या क्वार्कांना वस्तुमान द्यायला तिला दोन वेगळी क्षेत्रं लागतात. आठातून तीन गेले, पाच उरले: तीन विद्युतभाररहित, दोन भारित. विस्तारित मॉडेल त्यात दोन घटकांचं आणखी एक क्षेत्र घालतं, त्याला सिंगलेट म्हणतात. दहातून तीन गेले, सात उरले. वजाबाकी बिनचूक आहे. निसर्गाने मात्र अजून एकाच कणाची पावती फाडली आहे.

आता भाकितांचा इतिहास बघा. सुपरसिमेट्रीच्या सर्वांत साध्या रूपाचं पहिलं गणित सांगत होतं की सर्वांत हलका हिग्ज झेडपेक्षा, म्हणजे ९१ जीईव्हीपेक्षा हलका असेल. सर्नचं एलईपी यंत्र २००० साली बंद झालं, तोवर ११४ जीईव्हीपर्यंतचा प्रदेश धुंडाळून झाला होता. हिग्ज नव्हता. मॉडेल वाचलं ते १९९१ मधल्या दुरुस्तीमुळे: टॉप क्वार्क फार जड असल्याने ही मर्यादा १३५ च्या आसपास सरकते. दुरुस्ती खरी होती आणि १२५ त्या मर्यादेत बसतो, हे श्रेय मी नाकारत नाही. पण त्याची किंमत बघा. १२५ गाठायला टॉपचा सुपरसिमेट्रिक जोडीदार हजार जीईव्हीच्या बराच वर ढकलावा लागतो. आणि हे जोडीदार हाताशी असतील, म्हणून हिग्जचं वस्तुमान ओढूनताणून जुळवावं लागणार नाही, हीच तर या सिद्धांताची मूळ जाहिरात होती!

मग सिंगलेट पुढे आला. तो २०१२ नंतर घाईघाईने शोधलेला नाही. पिएर फाये यांनी १९७५ मध्येच तो वापरला होता आणि सिद्धांतातली एक खरी अडचण तो सोडवतो. माझा आक्षेप त्याच्या जन्माला नाही, त्याच्याकडून करून घेतल्या जाणाऱ्या कामाला आहे. सिंगलेट क्वार्क-लेप्टॉनांशी थेट संबंधच ठेवत नाही. त्याची मिसळण थोडी कमी धरली की त्याचा कण कुठल्याही शोधातून निसटतो. कधीच पकडता येणार नाही असा आरोपी ज्यांनी स्वतःच घडवला, त्यांनी तपास लांबला म्हणून पोलिसांना दोष देऊ नये.

मी मुंबईच्या लालबागचा. १८ जानेवारी १९८२ ला गिरण्यांचा संप सुरू झाला. तो अधिकृतपणे कधी मागे घेतलाच गेला नाही. पुढच्या महिन्यात गेट उघडणार, हे वाक्य इथल्या चाळींनी वर्षानुवर्षं ऐकलं. नकार कुणी द्यायचा नाही, फक्त तारीख पुढे ढकलायची, ही भाषा आम्हाला लगेच ओळखू येते. सर्नचं लार्ज हेड्रॉन कोलायडर (एलएचसी) सुरू होताना सुपरसिमेट्री पहिल्या काही वर्षांतच दिसेल, अशी आशा उघडपणे मांडली जात होती. मग ८ टीईव्हीला नाही तर १३ ला दिसेल, १३ ला नाही तर १३.६ ला, आता विदा कित्येक पट वाढल्यावर, आणि त्यानंतर ९१ किलोमीटर परिघाच्या नव्या वर्तुळाकार यंत्रात. फरक एवढाच की गिरणीची तारीख चुकली तेव्हा चूल पेटत नव्हती. इथे तारीख चुकली की नवा पेपर निघतो.

अतिशयोक्ती वाटते? डिसेंबर २०१५ मध्ये ७५० जीईव्हीपाशी फोटॉनांच्या जोड्यांचा एक उंचवटा दिसला. ऑगस्ट २०१६ पर्यंत तो नव्या विदेत विरून गेला. मधल्या आठ महिन्यांत त्या नसलेल्या कणावर पाचशेच्या आसपास पेपर लिहून झाले. त्यातल्या किती लेखकांनी ‘आमचं मॉडेल पडलं’ असा सोळा ओळींचा पेपर लिहिला? आता ९५ जीईव्हीपाशी कुजबुज आहे. एलएचसीवरच्या सीएमएस प्रयोगाच्या आकड्यांत ती २.९ सिग्मा (खात्रीचं माप) दिसते. पण इतक्या ठिकाणी शोधल्यावर कुठेतरी योगायोग दिसणारच, हे धरलं की १.३ उरते. तरी दुसऱ्या हिग्जचं बारसं काहींनी उरकूनही घेतलं आहे.

खरं काम ज्यांनी केलं त्यांची नावं मात्र या शहराला ठाऊक नाहीत. कुलाब्याच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेतले डी. पी. रॉय यांनी, एलएचसी सुरू होण्याच्या दशकभराहून अधिक आधी, भारित हिग्ज ओळखायची युक्ती दिली. भारित हिग्जपासून आलेल्या टाऊचं (इलेक्ट्रॉनच्या जड भावंडाचं) ध्रुवण डब्ल्यूपासून आलेल्या टाऊच्या उलट असतं, त्यामुळे त्यातून निघणाऱ्या पायॉनच्या वाट्याला ऊर्जेचा मोठा हिस्सा येतो. तो हिस्सा मोजा, खरा-खोटा वेगळा काढा. सीएमएसमधला बाहेरचा हेड्रॉन कॅलरीमीटर याच संस्थेने पंजाब विद्यापीठाच्या साथीने उभारला. निसटू पाहणारी ऊर्जा तिथे पकडली नाही, तर हरवलेल्या ऊर्जेचा हिशेबच चुकतो. आणि टाऊसोबत न्यूट्रिनो पळतो तेव्हा सगळी भिस्त त्या हिशेबावर असते.

निकाल काय? सीएमएसने टाऊच्या वाटेने ८० पासून ३,००० जीईव्हीपर्यंत भारित हिग्ज शोधला. नाही. एलएचसीवरच्याच अ‍ॅटलास प्रयोगाने २०२० मध्ये टाऊंच्या जोडीतून जड हिग्ज शोधला. नाही, दोन क्षेत्रांच्या मूल्यांचं गुणोत्तर २१ च्या वर असेल, तर नेहमीच्या मांडणीत १,५०० जीईव्हीचा कणही बाद. हे ‘नाही’ मिळवायला शेकडो माणसांची वर्षं गेली आहेत. २०१२ ला पहिलं पान देणाऱ्या वृत्तपत्रांनी या ‘नाही’ला आतल्या पानाचा कोपरा तरी दिला का? पुण्याच्या भौतिकशास्त्रज्ञ रोहिणी गोडबोले ऑक्टोबर २०२४ मध्ये गेल्या. त्यांनी मुंबई विद्यापीठात शिकवलं, १९८३ मध्ये पाकवासा आणि याच डी. पी. रॉय यांच्यासोबत टॉप क्वार्क ओळखायची खूण सांगितली, द्रेस आणि प्रोबीर रॉय यांच्यासोबत सुपरसिमेट्रीवर जाडजूड ग्रंथ लिहिला. मी वाचलेल्या श्रद्धांजल्यांत त्या प्रेरणास्थान होत्या. त्यांनी नेमकं काय मोजलं, ते शोधून काढावं लागलं.

आणि हे वाचून ‘बघा, पैसे पाण्यात’ म्हणणाऱ्यांनी टाळ्या वाजवू नयेत. इथे काही नाही, असं ठामपणे सांगणारा शोध वाया जात नाही. वाया जातो तो, ज्याला हरताच येत नाही असा शोध.

जानेवारी २०१७ पासून भारत सर्नचा सहयोगी सदस्य आहे, वर्गणी भरतो. ९१ किलोमीटरच्या नव्या यंत्राचा अंदाज सुमारे १५ अब्ज स्विस फ्रँकचा आहे. उद्या झोळी आपल्याही दारात येईल. द्यावेत पैसे, मी विरोधात नाही. पण देण्याआधी सिद्धांतवाल्यांकडून सहीनिशी लिहून घ्या: कोणता हिग्ज, किती वस्तुमानापर्यंत, कोणत्या वाटेने, किती विदेत दिसायला हवा, आणि नाही दिसला तर कोणतं मॉडेल तुम्ही स्वतः मागे घ्याल. हे लिहून देता येत असेल तर त्या मॉडेलसाठी बोगदा खणू. येत नसेल तर ते कागदावरच राहू द्या. कागद स्वस्त आहे.